शोरूमच्या वर्कशॉपला मोठं बिल भरलं आणि गाडी परत तशीच? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोल्हापूर आणि आसपासच्या गाडीवाल्यांसाठी)

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर, सगळीकडनं हेच प्रश्न येत असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढलीत, त्यामुळं आत काय चालतं ते बघितलंय, आणि चाळीस-पन्नास हजार भरून परत त्याच दारात हात जोडून उभी राहिलेली माणसंपण बघितलीत. ते बघवत नाही खरं सांगायचं तर. या सगळ्यात एकच गोष्ट परत परत सांगणार आहे, ती म्हणजे तुम्ही पैसे पार्टसाठी दिलेले नाहीत, फॉल्ट जाण्यासाठी दिलेत, आणि फॉल्ट गेला नाही हे त्यांच्याच कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं.

बिल भरलं, गाडी घरी आणली आणि चार-आठ दिवसांत तोच प्रॉब्लेम परत आला. पहिलं काय करू?

गाडी पळवू नका. गरम होत असेल, ऑइलचा लाल दिवा लागत असेल, गिअर अडकत असेल तर तशीच रेटत वर्कशॉपपर्यंत नेऊ नका, कारण मग ते म्हणणार "तुम्हीच चालवून इंजिन घालवलं" आणि त्यात थोडं तथ्यपण असतं. बाजूला घ्या, बंद करा, पण बंद करायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा ज्यात मीटरवरचा दिवा, टेंपरेचरचा काटा, किलोमीटर आणि आवाज सगळं एकाच शॉटमध्ये येईल. किलोमीटर दिसणं लय महत्त्वाचं आहे. बिलावर गाडी सोडतानाचं किलोमीटर असतंय, तुमच्या व्हिडिओत आताचं दिसतंय, मधला फरक तीनशे किलोमीटर असेल तर पुढं कुणाला समजावत बसावं लागत नाही.

मग कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावून गाडी उचलायला सांगा. चंदगड-आजऱ्याकडनं टोइंग करून आणायचं म्हणजे खर्च आहे, पण त्याची पावती ठेवा, ती नंतर मागण्यात धरता येते. आणि मधेच गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला बॉनेट उघडून "जरा बघ की" म्हणून काही खोलायला लावू नका. नुसतं बघितलं तर चालतंय, पाना लावायचा नाही.

जॉब कार्डवर नेमकं काय लिहून घ्यायचं?

जॉब कार्ड म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तुमची तक्रार आणि करायचं काम लिहितं तो कागद. सगळी लढाई इथं जिंकली जाते किंवा हरली जाते, त्यामुळं हे नीट वाचा.

गाडी परत गेली की सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर गाडी घेणारा माणूस, गोड बोलतो, "दादा ठेवून जावा, बघून घेतो, जॉब कार्डची काय गरज नाही, आपलंच काम हाय". तुम्हाला वाटतं माणूस चांगला आहे, आणि तो चांगला असेलही, पण जॉब कार्ड उघडलं नाही म्हणजे तुमची गाडी त्या दिवशी तिथं आलीच नव्हती. वर्कशॉपमध्ये एकच तक्रार परत आली की तिला रिपीट जॉब म्हणतात आणि रिपीट जॉबचा आकडा वर कंपनीपर्यंत जातो, मॅनेजरला त्यावर उत्तरं द्यावी लागतात, म्हणून तो आकडा वाढू नये असं सगळ्यांनाच वाटत असतं. एकतर कार्डच उघडत नाहीत, नाहीतर उघडलं तर तक्रारीच्या जागी "जनरल चेकअप" लिहितात. दोन्ही चालू द्यायचं नाही.

तुमच्या शब्दांत असं लिहायला सांगा: "अमुक तारखेच्या अमुक नंबरच्या बिलानं हेड गॅस्केटचं काम करून घेतलं, त्यानंतर तोच प्रॉब्लेम परत, चढाला गाडी गरम होते, कूलंट कमी होतं, रिपीट कम्प्लेंट." जुना बिल नंबर आणि रिपीट हा शब्द, हे दोन यायलाच पाहिजेत. तो टाइप करत नसेल तर तुमच्या कॉपीवर पेनानं लिहा, त्याची सही घ्या, फोटो काढा. सहीपण देत नसेल तर तिथंच काउंटरसमोर उभं राहून वर्कशॉपच्या ईमेलवर तेवढंच वाक्य पाठवा, वेळ आपोआप पडते.

अजून एक, सही करायच्या आधी जॉब कार्डवरचा इस्टिमेटचा आकडा बघा. कोऱ्या इस्टिमेटवर सही करून गाडी सोडून जाणारी माणसं रोज बघितलीत.

ॲडव्हायझर म्हणतोय हा वेगळाच प्रॉब्लेम आहे, आधीच्या कामाशी संबंध नाही. खरं कसं ओळखायचं?

कधी कधी खरंच वेगळा असतो, तेपण मान्य केलं पाहिजे. पण बऱ्याच वेळा मूळ कारण सोडून परिणामावर काम केलेलं असतं आणि म्हणून गाडी परत येते.

सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण घेऊ. गाडी गगनबावड्याच्या घाटात तापली, वर्कशॉपनं हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय म्हणून सांगितलं, हेड उतरवलं, नवीन गॅस्केट टाकलं, बिल साठ हजार. आता प्रश्न असा की गॅस्केट गेलं कशानं? गाडी तापली म्हणून गेलं. आणि गाडी तापली कशानं? रेडिएटर चोक असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, फॅन चालत नसेल, वॉटर पंप गळत असेल. यातलं काही बघितलंच नसेल तर नवीन गॅस्केटपण त्याच वाटेनं जाणार. दुसरी गोष्ट, इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून फिलर गेजनं (पातळ पात्यांच्या मापानं) मोजलं की कळतं, मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत असते. हेड वाकलेलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला लागतं, क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट करायला लागते, दोन्ही कामं आपल्या उद्यमनगरात अगदी रोजची आहेत, त्यामुळं "सोय नव्हती" हे कारण कोल्हापुरात तरी कुणी सांगू नये. वाकलेल्या हेडवर नवीन गॅस्केट बसवलं तर ते टिकणारच नाही.

म्हणून तुम्ही भांडायला जाऊ नका, विचारायला जावा. हेडचा फ्लॅटनेस मोजला का, रीडिंग किती आलं, प्रेशर टेस्ट कुठं केली, त्याची पावती कुठाय, रेडिएटर तपासला का, थर्मोस्टॅट बदलला का, गाडी सोडायच्या आधी टेस्ट ड्राइव्ह किती किलोमीटर आणि कुठल्या रस्त्याला घेतली. हे प्रश्न ईमेलवर विचारा. उत्तरं आली तर चांगलंच, नाही आली तर तेही तुमच्याच बाजूनं बोलतंय.

बाकीच्या कामांनाही हाच हिशोब. इंजेक्टर बदलले तर आधी लीक-ऑफ टेस्ट (इंजेक्टरमधनं किती डिझेल परत येतं ते मोजायची) केली होती का. टर्बो बदलला तर त्याला ऑइल पोचवणारा पाइप आणि इंटरकूलर साफ केला का. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचायचं यंत्र) लावला तर आधीचे कोड कोणते होते आणि नंतरचे कोणते, त्याची प्रिंट द्या. नुसता कोड आला म्हणून पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे, कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड दिसतेय तेवढं सांगतो, वायर तुटलेली असली तरी तोच कोड येतो आणि चाळीस हजाराचा पार्ट बदलून परत तोच येतो.

टेस्ट ड्राइव्हला गाडी चांगलीच चालते, फॉल्ट त्यांच्यासमोर येतच नाही. मग?

कारण त्यांची टेस्ट ड्राइव्ह हायवेला होते. शिरोलीवरनं पुढं जाऊन सर्व्हिस रोडनं परत, सपाट रस्ता, माणूस एकच, एसी बंद. तुमचा फॉल्ट चढाला, चार माणसं आणि एसी लावून येतो. मग सरळ सांगा की जॉइंट टेस्ट ड्राइव्ह घ्या, जोतिबाला नाहीतर पन्हाळ्याला, गाडी भरून, एसी लावून, स्कॅनर जोडलेला ठेवून. दोन्ही चढ शहरापासनं जवळच आहेत, अर्ध्या दिवसात काम होतंय. त्यांचा टेक्निशियन शेजारी बसलेला असताना काटा वर चढला की विषय संपतो. जॉब कार्डवर "जॉइंट टेस्ट ड्राइव्हमध्ये तक्रार आढळली" असं लिहून घ्या. ते नाही म्हणाले तर नाही म्हणाल्याचं ईमेलवर येऊ दे.

जुने काढलेले पार्ट मागितले तर म्हणतात भंगारात गेले.

तुम्ही पैसे देऊन बदललेले असतील तर जुने पार्ट तुमचे. वॉरंटीमध्ये फुकट बदललेले असतील तर कंपनीला परत पाठवायचे असतात, ते मिळणार नाहीत, आणि काही पार्ट एक्सचेंजवर स्वस्तात मिळालेले असतात तेही परत जातात. बाकी सगळे मागायचे, आणि मागायची वेळ म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी, जॉब कार्डवर "जुने पार्ट परत हवेत" असं लिहून. नंतर मागितलं की भंगारात गेले हेच उत्तर येतं. जुना पार्ट हातात असला की बदलला की नाही, खरंच खराब होता की नाही, हे दोन्ही कुणाही जाणकाराला दाखवता येतं.

गाडीची वॉरंटी संपलीय. म्हणजे हक्कच संपला का?

नाही. हा गैरसमज काउंटरवरनंच पसरवला जातो. गाडीची वॉरंटी वेगळी आणि तुम्ही आत्ता पैसे देऊन घेतलेली सर्व्हिस वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी म्हणून जी व्याख्या आहे ती पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही सेवेला लागू आहे, गाडी दहा वर्षं जुनी असली तरी. आणि माहिती मुद्दाम दडवून ठेवणं हीपण त्रुटीच धरलीय, म्हणजे हेड वाकलंय हे माहीत असून सांगितलं नाही तर ते त्यात येतं.

शिवाय नवीन टाकलेल्या पार्टला स्वतःची वॉरंटी असते, काही महिने किंवा काही किलोमीटर, कंपनीप्रमाणे बदलते, बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. ते वाचा, कुणी वाचत नाही.

कच्च्या पावतीवर, जीएसटी न लावता काम करून घेतलं होतं. आता?

अवघड आहे पण हातातनं गेलेलं नाही. यूपीआयनं पैसे दिले असतील तर त्याची नोंद आहे, व्हॉट्सॲपवर बोलणं असेल तर ते आहे, गेटपास असेल तर तो आहे. मागितल्यावर बिल न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळं आधी लेखी पक्कं बिल मागा.

उद्यमनगरातल्या किंवा ओळखीच्या गॅरेजला गाडी दाखवू का? ते चांगलं सांगतात.

दाखवा, आणि खरं तर इथल्या मिस्त्री लोकांचं ज्ञान मोठं आहे, ऑइल इंजिनापासनं पिढ्यान् पिढ्या इंजिनं उघडत आलेली माणसं आहेत. पण क्रम पाळा. आधी शोरूमला लेखी तक्रार करून दुरुस्त करायची संधी द्या, ठराविक दिवस द्या, त्यांनी केलं नाही किंवा जमत नाही म्हणाले की मगच दुसरीकडं. आणि दुसरीकडं उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो, व्हिडिओ, आणि त्या गॅरेजवाल्याकडनं लेटरहेडवर लिहून घ्या की उघडल्यावर काय दिसलं. तो लिहून द्यायला कचरतो बऱ्याच वेळा, कारण धंद्यात सगळ्यांशी संबंध असतात, त्याला आधीच विचारा.

बाहेर काम केलं की वॉरंटी गेली अशी सरसकट भीती घालतात. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांच्या विरोधात जो आदेश दिला त्यात सुट्या गॅरेजना पार्ट आणि माहिती न देणं आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करणं यावर बोट ठेवलं होतं. त्यावर अपिलं झाली तो भाग वेगळा. पण वॉरंटी चालू असलेली गाडी असेल तर व्यवहारात मी तरी म्हणेन की वाद मिटेपर्यंत वॉरंटीतल्या भागाला बाहेर हात लावू देऊ नका, त्यांच्या हातात आयतं कारण कशाला द्यायचं.

परत पैसे मागतायत आणि भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. गाडी अडवून ठेवू शकतात का?

कामाचे पैसे बाकी असतील तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्यानं वस्तूवर मेहनत आणि कौशल्य लावलंय त्याला पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घ्यायचा हक्क आहे. म्हणून गेटवर आरडाओरडा करून, चार पोरं घेऊन जाऊन काही होत नाही, उलट ते पोलिसांना बोलावतात आणि तुमचीच बाजू पडते. पण तो हक्क ठरलेल्या आणि नीट केलेल्या कामापुरता आहे. तुम्ही मंजूर न केलेलं काम, रिपीट जॉबचे परत लावलेले लेबर चार्जेस, रोजचं पार्किंग भाडं, यावर लेखी हरकत घ्या.

गाडीची गरज असेल तर पैसे भरा आणि बिलावरच लिहा: "हरकत नोंदवून रक्कम भरली, हक्क राखून." आणि तोच मजकूर ईमेल करा. नुसतं गुपचूप भरलं आणि "काम समाधानकारक" या छापील चौकटीत सही केली तर पुढं तीच सही तुमच्यासमोर धरतात. समाधानकारक नसेल तर ती ओळ खोडून सही करा, तुम्हाला तो अधिकार आहे. फीडबॅकचा फोन येतो त्यातपण "दहापैकी दहा द्या साहेब, नाहीतर माझा पगार कापतात" म्हणून गळ घालतात, त्या पोराची कीव येते मान्य आहे, पण खोटे दहा देऊ नका.

वर कुणाशी बोलायचं? काउंटरवर टोलवाटोलवी चाललीय.

ॲडव्हायझरच्या वर वर्क्स मॅनेजर, त्याच्या वर जीएम सर्व्हिस, मग डीलरशिपचे मालक. कंपनीच्या बाजूनं एक एरिया सर्व्हिस मॅनेजर असतो, तो ठराविक दिवशी वर्कशॉपला भेट देतो आणि गुडविलमध्ये, म्हणजे वॉरंटी नसताना कंपनीच्या खात्यातनं काही खर्च मंजूर करायची शिफारस त्याच्याकडनं जाते. काउंटरवरचा माणूस तुम्हाला त्याचं नाव सांगणार नाही, पण कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार नंबर घेतला की ती तक्रार त्याच्याकडंच जाते. तक्रार नंबर एसएमएसवर आल्याशिवाय फोन ठेवू नका.

ईमेल एकाच पानाचा ठेवा, राग त्यात घालू नका. साधारण असा:

"माझी गाडी क्रमांक एमएच ०९ … , दिनांक … रोजी बिल क्र. … नुसार … या कामासाठी रु. … भरले. दिनांक … रोजी, म्हणजे … किमी चालल्यावर तीच तक्रार परत आली. दिनांक … च्या जॉब कार्ड क्र. … वर ती नोंद आहे. कृपया १) मूळ कारण लेखी कळवावे, २) केलेल्या तपासण्यांची रीडिंग द्यावीत, ३) दुरुस्ती विनामूल्य १५ दिवसांत पूर्ण करावी. तसे न झाल्यास भरलेली रक्कम व झालेला खर्च परत मिळण्यासाठी मला योग्य ठिकाणी दाद मागावी लागेल."

वर्कशॉप, मालक आणि कंपनी तिघांना एकाच ईमेलमध्ये टाका. फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी "आपलं आत्ता फोनवर असं बोलणं झालं" म्हणून लिहून पाठवायची सवय लावा.

नवीन गाडीच बदलून मागू का?

दुरुस्ती फसली म्हणून गाडी बदलून मिळेल ही आशा धरू नका. २००६ सालीच सुप्रीम कोर्टानं एका क्लचच्या प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीत खराब भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं असं असेल तर पूर्ण गाडी बदलून द्यायचा आदेश देता येत नाही. मूळ उत्पादन दोष सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. पण दुरुस्ती परत विनामूल्य, किंवा भरलेली रक्कम परत, दुसरीकडं काम करायला लागलेला खर्च, टोइंग, गाडी बंद असताना भाड्याच्या गाडीचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, हे सगळं रास्त आहे. आकडा मात्र पावत्यांवर उभा करा. साठ हजाराच्या बिलावर पंचवीस लाख मागितले की समोरचा वकील त्या आकड्यावरच बोलत बसतो.

१९१५ ला फोन करून खरंच काही होतं का?

होतं, बऱ्याच वेळा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. ते तुमची तक्रार कंपनीकडं पाठवतात. ते निकाल देत नाहीत, कुणाला दंड करत नाहीत, मधला दुवा आहे. पण काउंटरवर दोन महिने हेलपाटे मारून जे उत्तर मिळत नाही ते तिथनं गेल्यावर येतं असं दिसलंय. फुकट आहे, ईमेलनंतर हे करूनच ठेवा.

ग्राहक आयोगात जायचं म्हणजे किती खर्च, किती दिवस, वकील लागतोच का?

वकील लागतोच असं नाही, स्वतः बाजू मांडता येते. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा, तक्रारीचा मसुदा कसा करायचा हे ते नीट सांगतात. रक्कम मोठी असेल किंवा तांत्रिक उलटतपासणीचा विषय असेल तर वकील घेतलेला बरा.

जिल्हा आयोगाकडं ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, आणि हे ५० लाख म्हणजे तुम्ही मागताय ती भरपाई नव्हे, तुम्ही मोबदला म्हणून भरलेली रक्कम. दुरुस्तीबद्दल तक्रार असेल तर दुरुस्तीला भरलेले पैसे. ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. म्हणजे आपल्यासारख्या बहुतेकांना फीच नाही, कागदांच्या झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्राचा खर्च तेवढा.

२०१९ च्या कायद्यानं एक फार चांगली गोष्ट केलीय, तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते. गाडीचं काम पुण्यात करून घेतलं असलं आणि तुम्ही कोल्हापूरला राहत असाल तर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात दाखल करा. ऑनलाइन दाखल करायला आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासनं ई-जागृती पोर्टल आहे, आणि सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची मागणीपण करता येते.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासनं. "करतो करतो" म्हणत लोक हेलपाटे मारण्यात हीच दोन वर्षं घालवतात. ईमेल लिहीत बसल्यानं मुदत वाढत नाही हे लक्षात ठेवा.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५, त्याच्या पुढं नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ते पक्कं केलंय. निकाल तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत द्यावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, त्याची मनाची तयारी ठेवा. मधे मध्यस्थीलाही पाठवतात, तिथं बरीच प्रकरणं मिटतात, तिला नाही म्हणू नका.

आधी वकिलाची नोटीस पाठवावीच लागते का?

कायद्यात सक्ती नाही. पण पाठवलेली चांगली, स्वतःच्या सहीनंही चालते, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोहोच जपून ठेवा.

काम चुकीचं झालं हे सिद्ध कोण करणार?

तुम्ही. इथं बऱ्याच तक्रारी पडतात. तुमचं बोलणं खरं असलं तरी "गाडी परत तापली" एवढ्यावरनं काम चुकीचं होतं असं आपोआप ठरत नाही, म्हणून तज्ज्ञाचा अहवाल लागतो. इंजिनिअरिंग कॉलेज किंवा पॉलिटेक्निकमधले ऑटोमोबाईलचे जाणकार प्राध्यापक, परवानाधारक मोटार सर्व्हेअर, यांच्याकडनं लेखी अहवाल आणि प्रतिज्ञापत्र घ्या. आयोगाकडंही अर्ज करता येतो की गाडीची तपासणी करून घ्या. म्हणून वाद चालू असताना गाडी विकू नका आणि पूर्ण दुरुस्तही करून टाकू नका, करायलाच लागली तर आधी समोरच्याला लेखी कळवा की अमुक तारखेला उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा.

पण एकाच कामासाठी दोन-तीन रिपीट जॉब कार्ड असतील तर ती स्वतःच मोठा पुरावा आहेत. म्हणूनच वर एवढं लिहिलंय.

तक्रारीत कंपनीलापण पार्टी (विरुद्ध पक्ष) करायचं की फक्त डीलरला?

चुकीचं फिटिंग, चुकीचं निदान, जास्तीचं बिल, हा डीलरचा विषय. पार्टच खराब निघाला किंवा गाडीतच मूळ दोष आहे असं तुमचं म्हणणं असेल तर कंपनी. कंपनी नेहमी म्हणते डीलर स्वतंत्र आहे, आमचा त्याच्याशी संबंध विक्रेता-खरेदीदार एवढाच, आणि २०२१ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं कंपनीला काही माहीत नसताना डीलरच्या कृत्यासाठी तिला जबाबदार धरलं नाही. म्हणून पहिल्या दिवसापासनं कंपनीला ईमेलमध्ये ठेवा, मग "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. डीलर म्हणतो पार्ट खराब आला, कंपनी म्हणते फिटिंग चुकलं, असं चेंडूसारखं तुम्हाला इकडनं तिकडं मारत असतील तर दोघांनाही पार्टी करा.

माझी गाडी भाड्यानं फिरते. मी ग्राहक धरला जातो का?

स्वतः चालवून पोट भरत असाल तर हो, स्वयंरोजगाराला सूट आहे. कंपनीच्या नावावर पाच-सहा गाड्या आणि ड्रायव्हर ठेवून धंदा असेल तर अवघड, तिथं दिवाणी कोर्ट.

काम इन्शुरन्समधनं झालं होतं, मग तक्रार कुणाकडं?

दोघांकडं. सर्व्हेअरनं मंजूर केलेला पार्ट टाकलाच नाही किंवा जुनाच रंगवून टाकला असा संशय असेल तर इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून गाडीची परत तपासणी मागा. कंपनीनं दाद दिली नाही तर पुण्याला विमा लोकपाल आहेत, तिथं फी नाही.

पुराचं वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, दसरा चौक, व्हीनस कॉर्नरकडं किती गाड्या पाण्यात गेल्या आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करायची नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल तर साध्या पॉलिसीत तो खर्च नाकारतात. वर्कशॉपच्या माणसानं स्टार्ट करून बघितली असेल तर ते कुणी, कधी केलं हे लिहून घ्या. पुरातल्या गाडीचं वायरिंग आणि कपलर (वायरींचे जोड) सहा महिन्यांनीपण गंज धरून त्रास देतात, त्यामुळं "सगळं ओके" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कोणते कपलर उघडून साफ केले त्याची यादी मागा.

गाडी वर्कशॉपमध्येच पडून आहे, मग हप्ते थांबवू का?

अजिबात नको. बँकेचा आणि या भांडणाचा संबंध नाही, सिबिल खराब होईल ते वेगळंच.

आरटीओ किंवा पोलिसात तक्रार केली तर?

ताराबाई पार्कातल्या आरटीओकडं दुरुस्तीच्या दर्जाचा विषय येत नाही, तिथं हेलपाटा घालू नका. पोलीस बहुतेक वेळा "हा दिवाणी विषय" म्हणून परत पाठवतात. पण बिलात लावलेला पार्ट गाडीत टाकलेलाच नाही, हे दाखवता येत असेल तर ती फसवणूक आहे, तिथं लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या.

फेसबुकवर आणि गुगल रिव्ह्यूला सगळं टाकू का?

खरं आणि सिद्ध करता येईल तेवढंच टाका. तारीख, काम, रक्कम, काय झालं. चोर, लुटारू असले शब्द नकोत, कुणा पोराचं नाव आणि फोन नंबर तर मुळीच नको, अब्रुनुकसानीची नोटीस आली की मूळ भांडण बाजूला राहतं. रिव्ह्यूखाली "आमच्याशी संपर्क साधा" असं छापील उत्तर येतं त्यावर समाधान मानून गप्प बसू नका.

ते आता तडजोडीला तयार आहेत, पण फुल अँड फायनल कागदावर सही मागतायत.

तडजोड वाईट नसते, कोर्टकचेरीत वर्षं घालवण्यापेक्षा गाडी चालू होऊन पैसे थोडे कमी मिळाले तरी बऱ्याच जणांना परवडतं. पण सहीची वेळ बघा. काम व्हायच्या आधी सही करायची नाही. कागदावर काय काय पाहिजे: कोणतं काम विनामूल्य करणार, कोणते पार्ट नवीन, किती तारखेपर्यंत, या कामाला पार्ट आणि लेबर दोन्हीची किती महिन्यांची वॉरंटी, आणि पैसे परत देणार असतील तर रक्कम, तारीख आणि बँक खात्यात. "पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो" हे पैसे परत नव्हे, ज्या वर्कशॉपवरचा विश्वास उडालाय तिथंच परत जायचं बंधन आहे ते. "यापुढं कुठलीही तक्रार करणार नाही" अशी ओळ असेल तर त्यात "वरील काम पूर्ण होऊन तक्रार दूर झाल्यास" एवढं घालून घ्या, आणि आयोगात तक्रार दाखल असेल तर ती तडजोड आयोगासमोरच नोंदवा म्हणजे पाळली नाही तर तिची अंमलबजावणी मागता येते. गाडी ताब्यात घेताना जोतिबाचा चढ परत एकदा त्यांच्या माणसाबरोबर, एसी लावून, आणि मगच पेन हातात घ्या.